पेटाफ्लॉप पुरे, आता मेमरीचं बोला

काही वर्षांपूर्वी मी एका संस्थेच्या कम्प्युटर सेंटरला करारावर होतो. काम म्हणजे कुणाचा जॉब, म्हणजे यंत्रावर लावलेलं गणिताचं काम, अडकला की बघायचं, सॉफ्टवेअर कंपाइल करून द्यायचं, डिस्क भरत आली की लोकांना फोन करायचे. तेव्हा एक पीएचडी करणारी मुलगी आली आणि म्हणाली, "सर, माझी जॉबची लिमिट वाढवून मिळेल का? एक रन दीड दिवस चालतोय, एका वेळी दोनच रन लावता येतात आणि मला असे दोनशे रन करायचेत." नदीच्या पुराचं मॉडेल होतं, फोरट्रान भाषेतलं, तिला सीनियरकडनं मिळालेलं आणि त्या सीनियरला त्याच्या सीनियरकडनं. मी नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या त्या एका कम्प्युटरवर, लॉगिन करून टॉप ही प्रोसेसर किती बिझी आहे ते दाखवणारी कमांड लावली तर ४८०० टक्के दिसत होतं, म्हणजे प्रोसेसरमधले गणित करणारे ४८ च्या ४८ कोअर फुल्ल बिझी, बघणाऱ्याला वाटावं की यंत्राचा अगदी पुरेपूर वापर चाललाय. मी म्हटलं, अगं लिमिटचं नंतर बघू, आधी हाच रन फक्त १०० स्टेप्सचा कर आणि १२ थ्रेडवर, म्हणजे १२ च कोअरवर, लाव. तिने लावला. ४८ थ्रेडवर जेवढा वेळ लागत होता त्यापेक्षा जेमतेम चार-पाच टक्के जास्त लागला. म्हणजे उरलेले ३६ कोअर दीड दीड दिवस नुसते ताटकळत होते आणि सिस्टिमच्या वहीत त्यांची हजेरी लागत होती.

हे समजून घेणं फार गरजेचं आहे, कारण माझा पुढचा सगळा मुद्दा इथूनच निघतो. कोअर मेमरीतनं आकडा यायची वाट बघत थांबला असला तरी ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेखी तो बिझीच असतो. यंत्र भरलेलं असणं आणि यंत्राने काम करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडं अहवालात, बातमीत, उद्घाटनाच्या भाषणात सगळीकडं पहिली गोष्ट मोजली जाते.

तिच्या कोडमध्ये दोन घोळ होते. ग्रिड ४००० बाय ४००० ची, दर पॉइंटला ८ बाइटचा आकडा, म्हणजे एक ॲरे, आकड्यांचा एक तक्ता, १२८ एमबीचा, आणि असे बाराएक ॲरे, पाण्याची उंची, दोन दिशांचा वेग, तळाची पातळी, खडबडीतपणा वगैरे. आता फोरट्रान ॲरे मेमरीत कॉलमने ठेवतं आणि सी भाषा ओळीने ठेवते. कुणीतरी कधीतरी सी मधलं कोड फोरट्रानमध्ये आणताना लूपचा, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या ओळींचा, क्रम तसाच ठेवला होता, त्यामुळे आतला लूप दर पावलाला ३२,००० बाइटची उडी मारत होता. प्रोसेसर मेमरीतनं एकेक आकडा आणत नाही, तो ६४ बाइटची अख्खी लाइन उचलतो, म्हणजे ८ आकडे एकदम. उड्या मारत गेलं की त्यातला एक वापरायचा आणि सात तसेच पडून. एकच ॲरे असता तर त्या लाइनी एल-टू कॅशेमध्ये, म्हणजे कोअरच्या हाताशी असलेल्या छोट्या वेगवान मेमरीत, टिकल्या असत्या आणि पुढच्या फेरीला कामी आल्या असत्या, पण इथं बारा ॲरे एकदम, जागा पुरत नाही, पुढची फेरी येईपर्यंत आधी आणलेलं बाहेर गेलेलं असतं आणि तीच लाइन पुन्हा आणावी लागते. मी तिला मिसळणाच्या डब्यावरनं सांगितलं. फोडणीला बसलेल्या बाईच्या हाताशी मिसळणाचा डबा असतो, त्यात जे आहे ते क्षणात मिळतं, नसेल ते कोठीतनं आणायला उठावं लागतं. तू दर वेळी कोठीत जाऊन मोहरीचा अख्खा पुडा आणतेस, एक दाणा टाकतेस आणि डब्यात जागा नाही म्हणून पुडा परत ठेवून येतेस. ती हसली नाही, तिने वही काढली आणि इंडेक्स लिहून बघायला लागली, आणि दोन मिनिटांत तिला दिसलं.

कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्रॅम, लूपचा हा क्रम आपोआप उलटवतो असं बऱ्याच जणांना वाटतं. सोप्या लूपमध्ये उलटवतोही. पण इथं लूपच्या पोटात सबरूटीनचा कॉल होता, जागा कोरडी आहे की ओली हे बघणारा इफ होता, कंपायलरने हातच लावला नव्हता.

दुसरा घोळ मला जास्त लागला कारण तो वाचून दिसतच नाही. अशा नोडमध्ये दोन प्रोसेसर असतात आणि प्रत्येकाच्या बाजूला त्याची त्याची रॅम असते. दुसऱ्याच्या रॅममधनं आणायचं तर मधल्या दुव्यावरनं जावं लागतं, वेळ जास्त लागतो. आपण प्रोग्रॅममध्ये मेमरी मागतो तेव्हा लिनक्स ती लगेच देत नाही, नुसता पत्ता देतं, आणि त्या पत्त्यावर जो थ्रेड पहिल्यांदा लिहील त्याच्या बाजूच्या रॅममध्ये ४ केबीचं पान टाकतं. तिच्या कोडच्या सुरुवातीला प्रत्येक ॲरे शून्य करायची एकेक ओळ होती, अगदी निरुपद्रवी, आणि ती ओळ एकट्या पहिल्या थ्रेडवर चालायची. झालं, दीड जीबीचा सगळा डेटा पहिल्या प्रोसेसरच्या दारात, दुसरीकडचे २४ कोअर प्रत्येक आकड्यासाठी पलीकडे हात घालणार आणि पहिल्याच्या मेमरीवर दुप्पट गर्दी करणार, आणि दुसऱ्या बाजूची रॅम रिकामी.

लूप उलटवले, शून्य करायचं काम थ्रेडमध्ये त्याच वाटणीने वाटलं, थ्रेड कोअरला बांधून ठेवले. दोन दुपारी गेल्या. तिसरी दुपार उत्तरं जुन्या कोडशी जुळतात का ते बघण्यात गेली, कारण एकूण पाण्याची बेरीज थ्रेडमध्ये वेगळ्या क्रमाने झाली की शेवटचे अंक बदलतात, आणि तो बदल निरुपद्रवी आहे की आपण काहीतरी मोडलंय हे तिच्याशिवाय कुणाला सांगता आलं नसतं. एक रन सहा तासांच्या आत आला. ३० तास वाचले, गुणिले दोनशे रन, ६००० नोड-तास. एक नोड २५० दिवस रिकामा झाला. एक पैशाचं हार्डवेअर न घेता.

तर मला एवढंच मांडायचंय की जनतेच्या पैशातनं सुपरकम्प्युटर घेताना त्या रकमेचा एक ठरलेला हिस्सा हे काम करणाऱ्या माणसांसाठी बाजूला ठेवला पाहिजे, कायम पदांवर, आणि तो हिस्सा मशीनच्याच मंजुरीत लिहिलेला पाहिजे. नंतर बघू म्हटलं की ते नंतर कधी येत नाही.

पुण्यात राहणाऱ्याला या विषयाचा अभिमान असतोच, मलाही आहे. १९८८ मध्ये इथं सी-डॅक ही सरकारी कम्प्युटर संशोधन संस्था सुरू झाली, विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकम्प्युटर उभा राहिला. पुढं २००७ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्याच्याच सीआरएल कंपनीचा 'एका' जगातल्या वेगवान सुपरकम्प्युटरच्या टॉप ५०० यादीत चौथा आला, २०२३ मध्ये सी-डॅकचा ऐरावत ७५ वा आला. नंबर आपण पाठ करतो. पण परम ८००० मधली एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही आणि मला ती नंबरपेक्षा मोठी वाटते. तो ट्रान्सप्युटर नावाच्या चिपवर बांधलेला होता. प्रत्येक ट्रान्सप्युटरला स्वतःची मेमरी आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे, बस्स. सगळ्यांना मिळून एक मोठी मेमरी असा प्रकारच नव्हता. त्यामुळे त्या मशीनवर कोड लिहिणाऱ्याला पहिल्या दिवसापासून विचार करावा लागायचा की माझा कुठला आकडा कुठं ठेवलाय आणि तो कुणाला, कधी, किती लागणार आहे. आज नोड एवढे मोठे आणि वापरायला एवढे सोपे झालेत की हा प्रश्न समोर येतच नाही, आपण ॲरे मागतो आणि मिळतो. प्रश्न नाहीसा झालेला नाही, फक्त दिसेनासा झालाय, आणि तेव्हापेक्षा कितीतरी वाईट झालाय.

किती वाईट ते एका साध्या हिशोबात दिसतं. आपल्याकडच्या बऱ्याच क्लस्टरमध्ये २४ कोअरचे प्रोसेसर असतात, प्रत्येकाला मेमरीच्या सहा वाहिन्या, कागदावर मिळून सेकंदाला साधारण १४० जीबी. म्हणजे ८ बाइटचे साडेसतरा अब्ज आकडे. आणि हाच प्रोसेसर कागदावर सेकंदाला दोन हजार अब्ज गणितं करू शकतो. आता सगळ्यात साधं काम घ्या, एका ॲरेला स्थिरांकाने गुणा, दुसऱ्यात मिळवा, तिसऱ्यात ठेवा. गणितं दोन, आकड्यांची ने-आण तीन. साडेसतराला तीनने भागून दोनने गुणलं की बारा अब्जाच्याही थोडं खाली येतं. दोन हजारातले बारा. अर्ध्या टक्क्याच्या थोडं वर. आणि ही परिस्थिती कोड अगदी नीट लिहिलेलं असताना, मेमरी सरळ ओळीने वाचत असताना. उड्या मारायला लागलं की त्याचाही आठवा भाग. एक आकडा कॅशेत नसला तर रॅममधनं यायला शंभरेक नॅनोसेकंद लागतात, तीन गिगाहर्ट्झच्या कोअरसाठी ते तीनशे ठोके होतात. १९९५ मध्ये वुल्फ आणि मॅकी या दोघांनी याला मेमरीची भिंत असं नाव दिलं, तीस वर्षं झाली, भिंत उंचच होत गेली.

म्हणूनच पेटाफ्लॉपचा आकडा ऐकला की मला बरं वाटत नाही. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला दहा लाख अब्ज गणितं. टॉप ५०० ची क्रमवारी लिनपॅक नावाच्या चाचणीवर लागते. ते मोठ्या दाट मॅट्रिक्सचं काम आहे, एकदा आणलेला आकडा कॅशेत ठेवून पुन्हा पुन्हा वापरता येतो, त्यामुळे मशीन तिथं आपली बरीचशी ताकद दाखवतं. हवामान, पूर, भूकंप, तेलाचे साठे, रचनांचं विश्लेषण यातलं बरंचसं काम तसं नसतंच, तिथं विरळ, म्हणजे बहुतेक शून्यंच असलेले, मॅट्रिक्स आणि शेजारच्या पॉइंटचे आकडे असतात. याच कारणाने जॅक डोंगारांसारख्या, स्वतः लिनपॅक उभ्या करणाऱ्या माणसांनी एचपीसीजी नावाची दुसरी चाचणी आणली. अमेरिकेचं फ्रंटियर लिनपॅकवर एक एक्साफ्लॉपच्या, म्हणजे हजार पेटाफ्लॉपच्या, पुढं जातं आणि एचपीसीजीवर १४ पेटाफ्लॉप देतं, म्हणजे एक टक्क्याच्या आसपास. जपानचं फुगाकू लिनपॅकवर ४४२, एचपीसीजीवर १६, साडेतीन टक्क्यांच्या वर. म्हणजे कागदावर फ्रंटियरच्या निम्म्याहूनही लहान असलेलं मशीन या कामात त्याच्या पुढं राहिलं. योगायोग नाही तो. फुगाकूचा प्रोसेसर ठरवताना रिकेन संस्थेने आणि फुजित्सू कंपनीने चालवायची ॲप्लिकेशन्स आधी समोर ठेवली होती आणि ४८ कोअरला सेकंदाला एक टेराबाइट देणारी एचबीएम मेमरी शेजारी बसवली. आधी काम, मग मशीन.

आपल्याकडं काय झालं? २०१५ मध्ये नॅशनल सुपरकम्प्युटिंग मिशनला ४५०० कोटी मंजूर झाले. मी मिशनच्या विरोधात अजिबात नाही. २०१९ मध्ये बनारसला 'परम शिवाय' नावाचा सुपरकम्प्युटर आला, पुण्याच्या आयसरला 'परम ब्रह्म' आला, २६ सप्टेंबर २०२४ ला तीन परम रुद्र देशाला मिळाले आणि त्यातला एक आपल्या खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी पुण्यात आहे. १३० कोटी तीन मशीनना. सर्व्हर इथं बनतोय, नोड जोडणारं जाळं इथं बनतंय, सी-डॅकच्या औम प्रोसेसरच्या आराखड्यात एआरएम कोअरच्या जोडीला एचबीएम आहे, म्हणजे मेमरीचं महत्त्व तिथल्या लोकांना पक्कं माहितीये. प्रशिक्षणही आहे. खरगपूर, मद्रास, पलक्कड आणि गोव्याच्या आयआयटीत त्यासाठी केंद्रं काढलीत आणि हजारो लोक शिकून बाहेर पडलेत, हे चांगलंच आहे. पण पाच दिवसांचं वर्कशॉप करून आलेला विद्यार्थी आणि दहा वर्षं वेगवेगळी कोडं उघडून बघितलेला माणूस यात फरक असतो. विद्यार्थ्याला ओपनएमपीची, म्हणजे काम अनेक कोअरवर वाटणारी, ओळ कुठं टाकायची ते कळतं. ती टाकल्यावर वेग का वाढला नाही हे दुसऱ्या माणसाला कळतं. आणि तो दुसरा माणूस वर्कशॉपने तयार होत नाही, तो पगार देऊन, एका जागी टिकवून, चुका करू देऊन तयार होतो.

याला विरोध करताना लोक सगळ्यात आधी म्हणतात की असं करत बसण्यापेक्षा पुढचं मशीन घ्या, ते आपोआप वेगाने चालवेल. मी पावसाचं उदाहरण देतो, कारण त्याच्याइतकं आपल्या जिवाजवळचं दुसरं नाही. पाषाणच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये प्रत्युष आला, ४ पेटाफ्लॉपचा. २०२४ मध्ये अर्का आला, ११.७७ पेटाफ्लॉप. तिप्पट पण नाही. २६ मे २०२५ ला तिथल्याच लोकांनी केलेली भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू झाली, ६ किलोमीटरच्या ग्रिडवर, आधी साडेबारा होती. आता ग्रिडमधलं अंतर निम्मं केलं की आडव्या-उभ्या दिशेने पॉइंट चौपट होतात आणि टाइमस्टेप निम्मी करावी लागते, म्हणजे ढोबळमानाने काम आठपट. मशीन तिप्पट, काम आठपट, आणि अंदाज तर रोज वेळेत यायलाच पाहिजे, उद्याचा पाऊस परवा सांगून शेतकऱ्याला काय उपयोग. मधली दरी सॉफ्टवेअरमधनंच भरून काढावी लागते, आणि त्यांनी ग्रिडची रचनाच बदलली, ध्रुवाजवळ उगाच दाट होणारे पॉइंट कमी करणारी त्रिकोणी-अष्टफलकी ग्रिड घेतली. हे माणसांनी केलेलं काम आहे आणि उद्घाटनाच्या बातमीत अशा कामाकडं कुणाचं फारसं लक्ष जात नाही, कोटी आणि पेटाफ्लॉप मात्र ठळक अक्षरात असतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

स्वित्झर्लंडच्या हवामान खात्याने हेच दहा वर्षांपूर्वी केलं. कॉस्मो नावाचं फोरट्रान मॉडेल, त्याचा गाभा सी प्लस प्लसमध्ये नव्याने लिहिला, मेमरीची ने-आण कमी होईल अशा पद्धतीने, आणि जीपीयूवर, म्हणजे मुळात ग्राफिक्ससाठी बनलेल्या चिपवर, नेला. २०१६ मध्ये २.२ किलोमीटरवरनं १.१ किलोमीटरवर आले. त्यात कितीतरी माणसांची वर्षं गेली, आणि ती वर्षं कुणीतरी पैसे देऊन विकत घेतली होती, हे विसरून चालणार नाही.

बाकीच्या देशांनी या कामाला कप्पाच करून ठेवलाय. ब्रिटनमध्ये एडिंबरोच्या आर्चर मशीनबरोबर एक योजना सुरू झाली, तुम्ही अर्ज करायचा की माझं अमुक कोड या मशीनवर सुधारायचंय, आणि मंजूर झालं की मशीनच्या वेळेसोबत माणसाचे महिने मिळायचे, पगारासकट. युरोपात २०१५ पासून पॉप नावाचं केंद्र आहे, तुमचं कोड द्या, ते तपासून सांगतात कुठं वेळ जातोय. अमेरिकेने एक्सास्केलची तयारी करताना २०१६ पासून सात-आठ वर्षांत साधारण १८० कोटी डॉलर एका प्रोजेक्टवर घातले आणि त्यातला मोठा हिस्सा ॲप्लिकेशन आणि सॉफ्टवेअरवर होता. फ्रंटियर मशीनचा करार ६० कोटी डॉलरच्या थोडा वर होता. म्हणजे मशीन यायच्या आधी अनेक वर्षं कोड तयार करणारी माणसं कामाला लागलेली. आपल्याकडं मशीन आल्यावर मेल येतो की अकाउंटसाठी फॉर्म भरा.

दुसरा आक्षेप प्राध्यापक मंडळींचा असतो, आमचं काम विज्ञान आहे, कोड नाही. बरोबर आहे, आणि म्हणूनच मी म्हणतोय की त्यांच्या शेजारी दुसरा माणूस द्या. आत्ता काय होतं, हे ओझं पीएचडीच्या मुलांवर पडतं. त्यांना ते कुणी शिकवलेलं नसतं, शिकले तरी त्याचा पेपर होत नाही, प्रबंधात त्याचं प्रकरण होत नाही, म्हणून ते शहाणपणाने टाळतात आणि लिमिट वाढवून मागतात. मग क्यूमध्ये लोक चार चार दिवस पेंडिंग दिसतात, सगळे म्हणतात मशीन पुरत नाही, नव्या मशीनचा प्रस्ताव जातो. आणि तो प्रस्ताव मंजूर व्हायला आधार काय, तर ९० टक्के वापर! तो ९० टक्के आकडा म्हणजे कुणीतरी कोअर अडवून ठेवले होते एवढंच, त्या कोअरने मेमरी किती खेचली, गणित किती केलं, हे त्यात कुठंच नाही. प्रोसेसरच्या आत हे मोजणारे काउंटर बसवलेले असतात, लिक्विडसारखी फुकटातली टूल्स ते वाचून देतात, प्रत्येक जॉबच्या शेवटी दोन ओळी छापता येतात. बहुतेक ठिकाणी कुणी छापत नाही, कारण छापल्या तर वाचून पुढं काय करायचं हे सांगणारा माणूस नाही.

हल्ली तिसरं एक ऐकू येतं, एआय कोड सुधारून देईल. देईल, लूप उलटवणं तर नक्कीच. पण वर ती तिसरी दुपार सांगितली ती विसरू नका. शेवटचे अंक बदलले तेव्हा ते चालेल की नाही हे ठरवायला नदी कळणारी मुलगी आणि मेमरी कळणारा माणूस एका टेबलावर लागले. पूर येणार की नाही हे ज्या कोडवर ठरणार त्याच्या बाबतीत ही जबाबदारी कुणा माणसाच्या नावावर असायलाच हवी, यावर दुमत होऊच शकत नाही.

आणि एआयचंच म्हणाल तर तिथं मेमरीचा प्रश्न आणखी तीव्र आहे. इंडिया एआय मिशनला २०२४ मध्ये १०,३७२ कोटी मंजूर झाले, त्यातला मोठा खर्च जीपीयूवर. १६ बिटमध्ये ठेवलेलं ७० अब्ज पॅरामीटरचं, म्हणजे तेवढ्या वजनांच्या आकड्यांचं, भाषेचं मॉडेल म्हणजे १४० जीबी, आणि एकेक शब्द बाहेर काढताना ते सगळे वजनांचे आकडे मेमरीतनं एकदा फिरवावे लागतात. ८० जीबीच्या एच-१०० या जीपीयूवर एचबीएम सेकंदाला ३.३५ टेराबाइट देते, ऐकायला प्रचंड, पण वरचा दोन गणितं-तीन आकडे हिशोब तिथं केला तरी ६४ बिटच्या ३४ टेराफ्लॉपातला, म्हणजे सेकंदाला ३४ हजार अब्ज गणितांतला, एक टक्कासुद्धा हाती लागत नाही. २०२२ मधली फ्लॅशअटेन्शन ही भाषेच्या मॉडेलमधलं एक मुख्य गणित वेगाने करायची पद्धत बघा. ती काढणाऱ्यांनी नवी चिप केली नाही, गणितं उलट थोडी वाढवली, फक्त मधले मोठे मॅट्रिक्स एचबीएममध्ये लिहून परत वाचायचे टाळले, तुकडे करून चिपवरच्या छोट्या मेमरीत काम उरकलं, आणि जगभरच्या जीपीयूंवर तेच काम कितीतरी वेगाने व्हायला लागलं. ही ट्युनिंगची किंमत आहे. हजारो जीपीयू घेणाऱ्या देशाला असं काम करणारी पन्नास माणसं सरकारी पगारावर परवडत नाहीत हे मी मानायला तयार नाही.

परवडत नाहीत असं खरं तर कुणी म्हणतही नाही, त्यांच्यासाठी जागाच नसते. मशीन हा एकदाच होणारा खर्च, तो प्रोजेक्टमध्ये सहज बसतो, उद्घाटन होतं, फोटो येतो. माणूस म्हणजे दर वर्षीचा खर्च, त्याला पद लागतं, पदाला नाव लागतं, आणि शास्त्रज्ञ नाही, शिक्षक नाही, क्लार्क नाही अशा माणसाचं नाव आपल्या नियमात सापडत नाही. मग प्रोजेक्ट असोसिएट म्हणून अकरा महिन्यांचा करार, एक दिवस मोडून पुन्हा अकरा महिने. माझ्याबरोबर एक मुलगा होता, एमपीआयचं, म्हणजे नोड एकमेकांना मेसेज पाठवतात तसलं, कोड नुसतं वाचून तो सांगायचा की इथं मेसेज लहान लहान जातायत, एकत्र करा. तीन वर्षं राहिला, चौथ्या नूतनीकरणाची फाइल दोन महिने हलली नाही, पगार थांबला, घरी आई-वडील, शेवटी हिंजवडीला एका कंपनीत गेला. त्याला कुणी नावं ठेवू नयेत. त्याने तीन वर्षांत जे साठवलं होतं ते त्या संस्थेतनं एका संध्याकाळी निघून गेलं, आणि मशीनच्या वार्षिक अहवालात त्याची नोंद कुठल्या रकान्यात करणार?

म्हणून मिशनचा पुढचा टप्पा जेव्हा ठरेल तेव्हा माझ्या मते मशीनच्या किमतीचा किमान दहावा भाग पाच वर्षांच्या पगारासाठी वेगळा काढावा आणि तो मशीनकडं वळवता येणार नाही असं लिहूनच ठेवावं. १३० कोटींत तेरा कोटी होतात. वर्षाला अडीच कोटींच्या वर, त्यात चांगल्या पगाराची दहा-बारा माणसं सहज बसतात. पुरवठादाराने मशीन सोपवताना लिनपॅक दाखवावं, जरूर दाखवावं, पण त्यासोबत आपल्याच संस्थांमधली जास्तीत जास्त वेळ खाणारी पाच-सहा कोडं चालवून दाखवावीत. मोठा वेळ मागणाऱ्याने आधी दहा मिनिटांचा स्केलिंग रन जोडावा, १२ कोअरवर किती, २४ वर किती, ४८ वर किती, आणि आलेख आडवा पडला तर अर्ज नाकारू नका, त्याच्या शेजारी माणूस बसवा. यातलं काहीही अवघड नाही, सेंटरमधल्या कुणालाही विचारा, सगळ्यांना हे माहिती आहे, फक्त त्यांना विचारायला कुणी येत नाही.

त्या मुलीचे दोनशे रन दीड महिन्यात संपले. लिमिट वाढवावी लागली नाही. नंतर तिच्या लॅबमधला पुढचा विद्यार्थी तेच कोड घेऊन आला, त्याला चिखलगाळ वाहून नेण्याचा भाग त्यात जोडायचा होता, नवे आठ ॲरे. ते शून्य करायच्या आठ ओळी त्याने पुन्हा एकाच थ्रेडवर लिहिल्या होत्या. त्याला समजावून सांगायला वीस मिनिटं लागली. ती वीस मिनिटं द्यायला तेव्हा मी तिथं होतो.